श्रीरामपूरचा डावखुरा

२००७ साली ट्रेंट ब्रिज कसोटीत आपल्या श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान फलंदाजीला आला, तर खेळपट्टीवर जेली बीनच्या गोळ्या पडलेल्या. झहीर चिडला आणि पुढच्या डावात त्यानं इंग्लंडचे पाच गडी टिपले. ही चिडण्याची गोष्ट अजून रंगवून सांगतात. डावखुऱ्या फलंदाजांना राउंड द विकेट येऊन तो चेंडू कसा वळवत होता, हे मात्र फार थोडे सांगतात.

कुणाच्या वाट्याला कोणतं कौतुक येतं, तेही बघण्यासारखं आहे. युरोपातल्या ८० फुटबॉल सामन्यांच्या समालोचनाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हुशारीचं कौतुक जास्त करून गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला, आणि सावळ्या-काळ्यांच्या वाट्याला ताकद, वेग! आपल्याकडे तऱ्हा निराळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्ताननं आपल्याला दहा गडी राखून हरवलं. हरला अख्खा संघ. पण समाजमाध्यमांवर निष्ठा तपासली गेली ती मुस्लिम गोलंदाज मोहम्मद शमीची. २०२३ च्या विश्वचषकात त्यानंच सर्वाधिक २४ बळी घेतले, तेव्हा तो लगेच सगळ्यांचा लाडका. मला तर हा लाडही थोडा संशयास्पद वाटतो.

पुन्हा झहीरकडे येऊ. २०११ च्या विश्वचषकात झहीरचे २१ बळी होते. त्यात त्यानं नकल बॉल बाहेर काढला. बोटांचे सांधे दुमडून धरलेला चेंडू, हात मात्र नेहमीच्याच वेगानं फिरलेला. फलंदाजाची बॅट आधी येते, चेंडू मागाहून. ही सगळी डोक्याची करामत.