पाचवं नाव

(दहावी १९९४च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, विषय आपापल्या आवडीचा. माझ्या आधी मधुमेहावर, म्युच्युअल फंडांवर आणि गच्चीवरच्या बागेवर बोलून झालं. मी मात्र बंदुकांच्या व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे. पहिल्या रांगेत आमच्या मराठीच्या बाई बसल्यात आणि त्यांच्या कपाळावरची ती ओळखीची आठी मला इथूनही दिसतेय. बाई, दहा मिनिटं सहन करा. शेवटी मी शाळेतच परत येणार आहे.

या खेळांना 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. बाईंनी व्याकरणाच्या तासाला घोकून घेतलेला प्रथमपुरुष एकवचनी, म्हणजे 'मी', तोच हा. पडद्यावर नायक दिसत नाही. दिसतात फक्त त्याचे हात आणि हातातली बंदूक, कारण नायक आपणच असतो. कादंबरीत आपण 'मी दार उघडलं' असं वाचतो. इथे आपण दार उघडलं नाही, तर ते उघडतच नाही. म्हणून इथे गोष्ट सांगण्याची रीत वेगळी, आणि गोष्टीतल्या पापाची वाटणीही वेगळी.

हा प्रकार जगभर पोचवणारा 'डूम' १० डिसेंबर १९९३ रोजी आला. आपण तेव्हा पूर्वपरीक्षेच्या धास्तीत होतो, आणि आपल्याला माहीत असलेला एकमेव कॉम्प्युटर ऑफिसात प्लास्टिकच्या कव्हराखाली झोपलेला असायचा. 'डूम'मध्ये गोष्ट तोंडी लावण्यापुरती होती. राक्षस दिसला की मारायचा. योग्य-अयोग्य हा प्रश्नच नव्हता.

१९९८ साली 'हाफ-लाइफ' आला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. सुरुवातीची काही मिनिटं त्यात बंदूकच नसते. आपण एका छोट्या ट्रेनमधून कामावर निघालेले शास्त्रज्ञ असतो, आणि खिडकीतून प्रयोगशाळा बघत बसायचं. माझा रूममेट वैतागला, "अरे, मारामारी कधी?" मला मात्र पहिल्यांदा वाटलं, की इथे कुणीतरी मला गोष्ट सांगतंय.

पण ज्या खेळाने मला झोपेतून उठवलं तो २००७चा 'बायोशॉक'. साल १९६०. विमान अटलांटिक महासागरात कोसळतं आणि आपण समुद्राच्या तळाशी वसवलेल्या 'रॅप्चर' नावाच्या शहरात पोचतो. अँड्र्यू रायन नावाच्या धनाढ्य माणसाने ते वसवलंय. सरकार नको, धर्म नको, ज्याचं त्याचं कर्तृत्व, असं त्याचं तत्त्व. शहराची वाट लागलेली आहे.

तिथे लहान मुली भेटतात. त्यांच्या शरीरात 'अ‍ॅडम' नावाचं मौल्यवान द्रव्य असतं. मुलीला मारलं तर १६० अ‍ॅडम मिळतं, वाचवून सोडून दिलं तर ८०. हीच ती गाजलेली नैतिक निवड. पण आकडेमोड करा. तीन मुली सोडल्या की कृतज्ञता म्हणून २०० अ‍ॅडमची भेट येते. म्हणजे तीन मुली मारल्या तर ४८०, वाचवल्या तर ४४०. चांगुलपणाचा तोटा फक्त ४०! इतक्या स्वस्तात मिळालेल्या पुण्याला पुण्य म्हणायचं का? मी सगळ्या मुली सोडल्या आणि स्वतःवर फार खूश झालो.

खरी मेख पुढे होती. पहिल्यापासून रेडिओवर अ‍ॅटलस नावाचा एक भला माणूस आपल्याला वाट दाखवत असतो. इकडे जा, ते उचल, त्याला संपव. सांगताना अधूनमधून 'कृपा करून' असं आर्जवाने म्हणतो. आपण ते करत जातो, कारण खेळ पुढे न्यायचा तर दुसरं करणार काय? मग रायन समोर येतो आणि कळतं, की 'कृपा करून' हा मंत्र होता. तो उच्चारला की नाही म्हणता येऊ नये, असं नायकाला लहानपणीच घडवलेलं होतं. त्या क्षणी खेळ आपल्या हातातलं नियंत्रण काढून घेतो, आणि आपलेच हात रायनला मारतात. आपण बघत राहतो.

मुलींच्या बाबतीत मी निवड करत होतो आणि त्याच कौतुकात होतो. बाकी सगळा वेळ मी नुसता ऐकत होतो, आणि ऐकतोय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. क्लिंट हॉकिंग नावाच्या गेम डिझायनरने तेव्हाच यावर बोट ठेवलं होतं. मुलींबाबत खेळ निवड देतो, पण अ‍ॅटलसला मदत करायची की नाही याची निवड देतच नाही, हा त्याचा आक्षेप. आक्षेप रास्त आहे. पण मला त्या रात्री आक्षेप सुचला नाही. मला आठवी 'ब'चा फळा दिसला. त्याकडे येतोच.

माझा मुलगा आता बारावीत आहे. मध्ये एकदा तो २००९चा 'मॉडर्न वॉरफेअर २' खेळत होता. त्यात एक कुप्रसिद्ध प्रसंग आहे. आपण अतिरेक्यांच्या टोळीत घुसलेले अमेरिकन हेर असतो आणि ती टोळी मॉस्कोच्या विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार करते. तो प्रसंग नको असेल तर वगळायची सोय खेळात आहे. मुलाने वगळला नाही, आणि गोळ्याही झाडल्या. मी मागे उभा होतो. विचारलं, "का मारलंस रे?"

"मिशनच तसं आहे ना बाबा. ऑप्शनच नव्हता."

ऑप्शन होता. प्रवाशांवर एकही गोळी न झाडता चालत राहिलं, तरी खेळ पुढे जातो. दुसऱ्यांदा त्याने तसं केलं. प्रवासी तरीही मेले, कारण बाकीचे झाडतच होते. आणि शेवटी टोळीचा म्होरक्या आपल्यालाही गोळी घालतोच. मुलाने विचारलं, "मग फरक काय पडला?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर मीच त्याला २०१४चा 'फार क्राय ४' दाखवला. हिमालयातल्या किराट नावाच्या एका काल्पनिक देशात अजय घले नावाचा तरुण आईच्या अस्थी घेऊन येतो. तिची शेवटची इच्छा तेवढीच. तिथला हुकूमशहा त्याला पकडून जेवायला बसवतो आणि सांगतो, "इथेच थांब, मी आलोच." खेळणारे बहुतेक सगळे तिथून पळतात, बंदूक हाती घेतात, आणि पुढचे कित्येक तास माणसं मारत राहतात. पण तुम्ही खरंच तिथे पाव तासभर बसून राहिलात, तर तो माणूस परत येतो, तुमची ओळख सांगतो आणि तुम्हाला अस्थी ठेवायला घेऊन जातो. खेळ संपतो. एक गोळी नाही.

बसून राहा, असं पडद्यावर कुठेही लिहिलेलं नाही. मला हा खेळ आवडतो तो यासाठी. आपण आईच्या अस्थी घेऊन आलो होतो हे बंदूक हातात आल्यावर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता शाळेत येतो.

आठवीत मी मॉनिटर होतो. एक सर वर्गाबाहेर जाताना म्हणाले, "बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. पाच तरी हवीत." बोलले चौघंच. मी चार नावं लिहिली आणि खडू घेऊन उभा राहिलो. व्हरांड्यात सरांची पावलं वाजली. मग मी पाचवं नाव लिहिलं. तो मुलगा कधीच बोलायचा नाही. मी त्याला का निवडलं? तो तक्रार करणार नाही, त्याचे वडीलही शाळेत विचारायला येणार नाहीत, हे मला माहीत होतं म्हणून. त्याला हातावर छड्या मिळाल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता. फळ्याकडे बघत होता, स्वतःच्या नावाकडे.

मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो, की सरांनी पाच सांगितली होती, ऑप्शनच नव्हता. मुलाच्या तोंडून तेच शब्द ऐकले आणि लाज वाटली.

तो आज इथे बसलाय. गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला. आठवतंय का, विचारलं. "आठवतंय की," म्हणाला. मी माफी मागितली आणि पुढे उगाच स्वतःची बाजू मांडायला लागलो, की तुझं नाव लिहिलं नसतं तर दुसऱ्या कुणाचं लिहावं लागलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "चारच ठेवायची होतीस."

चारच ठेवायची होती. सर मला ओरडले असते, कदाचित पाचवी छडी मला बसली असती. फळ्यावर चार नावं लिहून खडू खाली ठेवता येतो, हे तेव्हा मला सुचलं नाही. पाच तरी हवीत म्हटल्यावर मी पाच मोजली.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फोनवर मिळालं. प्रवासी वाचले नसते, हे खरं. पण गोळी माझी नसती.

हा प्रसंग इथे सांगू का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "सांग. नाव मात्र घेऊ नकोस. एकदा लिहिलंस तेवढं पुरे."

म्हणून घेत नाही. पालकांना एवढंच सांगतो, की मुलं खेळत असतील तर कधीतरी मागे उभे राहा आणि "का मारलंस?" असं विचारा. ओरडू नका, नुसतं विचारा. आणि त्यांनी उलट काही विचारलं, तर उत्तराची तयारी ठेवा.

बाई, दहाऐवजी बारा मिनिटं झाली. माझं नाव फळ्यावर लिहा.