बेट हवं की नुसता पत्ता?

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

गाऊनमध्ये किती उकडतंय ते मला इथून दिसतंय. तेव्हा उपदेश बाजूला ठेवतो आणि धंद्याचं बोलतो.

रायगड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, लोकसंख्या आपल्या जिल्ह्याच्या साधारण निम्मी, आणि चारी बाजूंनी हिंदी महासागर, असा एक देश आहे: मॉरिशस. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर राबायला जी माणसं करारावर गेली, त्यांत आपल्या कोकणातलीही होती. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो, आणि आपली जाखडी तिथं झाकरी म्हणून नाचली जाते. कोकणानं त्या बेटात केलेली पहिली गुंतवणूक अशी घामाची होती. तिचा परतावा मात्र मळेवाल्यांनी नेला.

लहान बेटांत पैसा कसा लावावा आणि तिथल्या लोकांशी भागीदारी कशी करावी, हा माझा आजचा विषय. वरसे आणि रोह्याच्या मुलांना त्याचं काय, असं मागच्या रांगेत कुणी पुटपुटलं असेल. एक बेट तुमच्याच जिल्ह्यात आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

लहान बेटावर धंदा करणं मुळात महाग पडतं. धक्का, वीजघर, बंदर यांचा खर्च गिऱ्हाईक दहा लाख असो की दहा कोटी, फारसा कमी होत नाही. कच्चा माल जहाजानं यायचा, तयार माल जहाजानंच जायचा, म्हणजे भाडं दोनदा. एक चक्रीवादळ आलं की वर्षाचं पीक गेलं. स्वातंत्र्याच्या सुमारास मॉरिशसच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा होता. पुढे नोबेल मिळालेले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ साली या बेटाचा अभ्यास केला. त्यांचा सूर निराशेचा होता: माणसं वाढताहेत, काम वाढत नाही, पीक एकच.

मीडसाहेब मोठा माणूस, पण त्यांचं भाकीत फसलं. ते का फसलं, हे वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं बघावं. १९६५ मध्ये तिथं एक छोटा कारखाना निघाला. घड्याळाच्या यंत्रात बसवायचे बारीक खडे बाहेरून आणायचे, त्यांना भोकं पाडायची आणि परत पाठवायचे. मुठीत मावणाऱ्या मालावर भाडं ते किती लागणार! ज्या मालात वजन कमी आणि हाताचं कौशल्य जास्त, त्याला समुद्र आड येत नाही, हे त्या कारखान्यानं दाखवलं. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९७० मध्ये निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आला. आपल्याकडे औद्योगिक क्षेत्र म्हटलं की कुंपण आणि फाटक आठवतं. त्यांनी कुंपणच घातलं नाही. परवाना मिळालेला कारखाना बेटावर कुठंही उभा राहू शकत होता, म्हणून काम गावागावांत पोचलं आणि शिवणयंत्रांवर हजारो बायका बसल्या.

पैसा कुठून आला? हाँगकाँगचे कापडवाले आले, कारण हाँगकाँगच्या कापड निर्यातीवर कोट्याची मर्यादा होती आणि मॉरिशसहून युरोपात माल सवलतीनं जात होता. पण त्यांच्या बरोबरीनं स्थानिक साखरवाल्यांचा पैसाही कारखान्यांत उतरला. सत्तरीच्या दशकात साखरेला चढा भाव मिळाला, तो नफा बाहेर न जाता बेटावरच कापडात गेला. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. २००५ च्या सुरुवातीला जगातल्या कापड व्यापाराचे कोटे संपले, तेव्हा हाँगकाँगच्या अनेक मालकांनी गाशा गुंडाळला. कोट्यासाठी आले होते, कोटा संपल्यावर त्यांना बेटाची गरज उरली नाही. स्थानिक कंपन्या टिकल्या, कारण त्यांना दुसरीकडे जायला घर नव्हतं.

आता पैशाची दुसरी तऱ्हा. १९८२ मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. भारतातले शेअर विकून मॉरिशसमधल्या कंपनीला झालेल्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क मॉरिशसकडे गेला, आणि मॉरिशस असा कर घेतच नव्हता. १९९१ नंतर आपली दारं उघडली, तसा जगभरचा पैसा मॉरिशसच्या राजधानीची, पोर्ट लुईची पाटी लावून भारतात येऊ लागला. कित्येक वर्षं भारतातल्या परकीय गुंतवणुकीत कागदावरचा पहिला देश मॉरिशस होता! त्यातून तिथल्या हिशेबनिसांना, वकिलांना, बँकांना काम मिळालं, हे नाकारून चालणार नाही. पण जो पैसा एका खोलीत एक पाटी लावून निघून जातो, त्याला बेटाचा ना धक्का लागतो, ना शाळा, ना माणूस. १० मे २०१६ रोजी करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर कर लावण्याचा हक्क भारताकडे आला. त्या कंपन्यांचं पाटीवरचं प्रेम आटायला मग वेळ लागला नाही.

म्हणून कुठल्याही लहान जागेत गुंतवणूक करायची म्हणून कुणी कागद घेऊन आलं, तर मी एकच गोष्ट बघतो. या पैशाला बेट हवंय, की नुसता बेटाचा पत्ता हवाय? तुम्ही उद्या बँकेत बसाल, सीएकडे आर्टिकलशिप कराल, धाटावच्या एमआयडीसीत खरेदी-विक्रीचं खातं सांभाळाल. हे तुम्हालाही बघावं लागेल.

या बाबतीत आपला जिल्हा अडाणी नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथलेच. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. युद्धात घेतलेल्या मालापोटी ब्रिटनकडे भारताची मोठी रक्कम अडकली होती. आपल्या लोकांनी तो विषय तिथं मांडला, परिषदेनं हाती घेतला नाही. पण येणं किती आहे ते आकड्यांनिशी मांडता येणारी माणसं आपल्याकडे होती. मोठ्याशी भागीदारी करणाऱ्या लहानाकडे निदान एवढं तरी असावं लागतं. आणि रोह्याहून पुढे जाणारी कोकण रेल्वे घ्या. १९९० मध्ये महामंडळ झालं, केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी भांडवल घातलं, बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. त्या चार राज्यांना ही रेल्वे खरोखर हवी होती, म्हणून बोगद्यांनी कितीही छळलं तरी कुणी पाय काढला नाही.

मॉरिशसशी आपलं नवं खातं १ एप्रिल २०२१ रोजी उघडलं. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा हा पहिलाच व्यापार करार. तिथली मेट्रो भारताच्या अर्थसाहाय्यानं मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोनं बांधली. हे मोठ्यांचं झालं. तिथल्या मराठी घरांना आपला मसाला, पूजेचं साहित्य, मराठी पुस्तकं लागतात, आणि आफ्रिकेत माल पाठवणाऱ्या छोट्या कारखानदाराला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा जाणणारा भागीदार लागतो. हे तुमच्या आवाक्यातलं आहे.

आता आपलं बेट. उरण तालुक्यातलं घारापुरी. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीन गावं, जगाच्या वारसायादीत १९८७ पासून असलेली लेणी, आणि समोर मुंबई. तरी तिथं समुद्राखालच्या केबलनं चोवीस तास वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. तिकडे जाणाऱ्या लाँचा भरलेल्या असतात. पर्यटक सकाळी येतो, लेणी बघतो, काकडी-कैरी खातो आणि अंधाराआधी परततो. त्याच्या खिशातला मोठा खर्च मुंबईतच झालेला असतो. वीज आली म्हणजे शीतपेटी आली, मासळी टिकवता आली, संगणक आला. पण वीज ही गुंतवणुकीची अर्धी बाजू. उरलेल्या अर्ध्या बाजूला भागीदार लागतो. गावकऱ्याला पगारी वाढपी न करता हिस्सेदार करील, बोट, खानावळ, मासळी यांचा हिशेब एका वहीत मांडील आणि पहिल्या तोट्याच्या पावसाळ्यात पळून जाणार नाही, असा. बाहेरच्यानं जमीन घेऊन रिसॉर्ट बांधण्यापेक्षा गावातल्या बचत गटाला खेळतं भांडवल आणि बाजार मिळवून देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. परतावा हळू येईल. बँकेतल्या माझ्या मित्रांना हे पटत नाही. त्यांच्याशी माझा वाद चालू आहे.

तुमच्यातल्या चार-पाच जणांना यात रस असेल, तर एक काम सुचवतो. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून सगळे इतर दिवशी जातात. तुम्ही उरणच्या बाजूनं गावकऱ्यांच्या बोटीची सोय बघून सोमवारीच जा. त्या दिवशी दुकानदारांना बोलायला वेळ असतो. लाँचचं भाडं कुणाला जातं, माल कुठून येतो, उधारी किती, पावसाळ्याचे चार महिने घर कशावर चालतं, ते विचारा आणि लिहून काढा. असा ताळेबंद हातात असेल, तर पुढच्या खेपेला बँकवाल्यांशी वाद घालायला मी एकटा नसेन.