बदलापूरहून नागपूरला, विमानाने

बदलापूरहून सीएसएमटी रेल्वेने 68 किलोमीटर, अंबरनाथहून 60 आणि उल्हासनगरहून 58. बदलापूरची जलद लोकलही हे अंतर कापायला साधारण दीड तास घेते. मुंबई ते नागपूर विमानालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो! हवाई अंतर मात्र सुमारे 685 किलोमीटर. लोहमार्गाने ते 837 भरतं, कारण गाडी कसारा घाट चढून भुसावळमार्गे वळसा घेते.

तिकिटावरचा वेळ निव्वळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, नागपूरला थांबलं की बंद. धावपट्टीपर्यंतचं सरकणं, रांगेतलं थांबणं, सगळं त्यात आलं. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे नागपूरला जाताना पाठीशी असतात, परतताना समोरून येतात. म्हणून परतीला थोडा जास्त वेळ लागतो.

आपला खरा प्रवास मात्र घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मग भुयारी मेट्रोने टर्मिनल दोन. विमानाच्या वेळेतून आधी हा प्रवास वजा करा, तपासणीसाठी दोन तास धरा आणि मेगाब्लॉक असेल त्या रविवारी आणखी एक तास आधी निघा.