प्रिंटआउट नको, फाइल उघडा



 वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा सहा तालुक्यांचा, सोयाबीनवर जगणारा. २०१८ मध्ये तो देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेला. अशा जिल्ह्यात संगणकाच्या परीक्षेवर विचार करायला आपण अमरावती विभागातले संगणक शिक्षक, प्राध्यापक आणि टंकलेखन संस्थांचे चालक जमलात, याचा मला फार आनंद आहे.

स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटोपावे हे खरे. पण विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो.

बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय तिन्ही शाखांच्या मुलांना घेता येतो. ८० गुणांची परीक्षा ऑनलाइन, २० गुण प्रात्यक्षिकाला. राज्य मंडळाने पेपरच संगणकावर आणला, हे मोठे पाऊल होते. तरीही त्यात रिकाम्या जागा, चूक की बरोबर, पर्याय, जोड्या यांचा भरणा आहे. मुलाच्या हाताला काय येते हे खऱ्या अर्थाने कळते ते त्या २० गुणांत, आणि नेमकी तिथेच आपली घाई होते. जर्नल पूर्ण आहे का, प्रात्यक्षिकांचे प्रिंटआउट लावले का, दोन तोंडी प्रश्न, की झाली परीक्षा.

सोयाबीन विक्रीचा तक्ता घ्या. शेतकऱ्याचे नाव, क्विंटल, भाव, हमाली, हाती आलेली रक्कम. एका मुलीने रकमेच्या रकान्यात सूत्र लिहून ते खालपर्यंत ओढत नेले. हमालीचा दर एकाच सेलमध्ये ठेवला आणि डॉलरच्या खुणेने पक्का केला. शेजारच्या मुलाने कॅल्क्युलेटरवर हिशेब करून आकडे टाइप केले. कागदावर दोन्ही तक्ते हुबेहूब सारखे, म्हणून गुणही सारखे. आता परीक्षकाने फाइल उघडून भावाचा एक आकडा बदलावा. मुलीची रक्कम तिथल्या तिथे बदलेल, मुलाची जागची हलणार नाही. याला अर्धे मिनिट पुरते. कागदच हवा असेल, तर कंट्रोलसोबत टॅबच्या वरची कळ दाबली की सगळी सूत्रे पडद्यावर येतात. त्याचे प्रिंट घ्या. केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेत आयसीटीचा तिसरा पेपर स्प्रेडशीट आणि संकेतस्थळ यांचाच असतो, आणि तिथे सूत्रे दिसणारे पान विद्यार्थ्याकडून मागून घेतात.

वेबपेजचेही तेच. लॅबमध्ये देखणे दिसणारे पान पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडा. फोटोच्या जागी रिकामी चौकट येते, कारण चित्राचा पत्ता थेट डी ड्राइव्हपासून लिहिलेला असतो. मराठी मजकूर युनिकोडऐवजी कृतिदेवमध्ये असला, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर काहीच वाचता येत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे: पान ज्या संगणकावर केले, त्यावर तपासू नये. फोल्डर उचलावा, दुसरीकडे उघडावा, प्रत्येक लिंक दाबून पाहावी.

हे आपल्याकडे जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत उमेदवार पत्र वर्डमध्ये आणि तक्ता एक्सेलमध्ये प्रत्यक्ष करून दाखवतात, आणि त्या परीक्षेची तयारी तालुक्याच्या गावातली मुले वर्षानुवर्षे करत आहेत. सीबीएसईच्या दहावीला माहिती तंत्रज्ञान या कौशल्य विषयात ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिकाचे आहेत. त्यापुढे आपले २० कमीच आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत. संगणक कमी, मुले बॅचने बसतात, मध्येच वीज जाते. पहिली बॅच बाहेर आली की दुसरीला प्रश्न कळतो. पण प्रश्न तोच ठेवून प्रत्येक बॅचला वेगळ्या आकड्यांची फाइल दिली, तर ऐकीव उत्तर कामाला येत नाही. आणि गुण देताना पायरीला गुण द्या. सूत्र बरोबर पण रेंज एका ओळीने चुकली, तर मुलाला शून्य मिळणे अन्यायाचे आहे. हे सगळे कशासाठी? आमच्या मानोऱ्याची किंवा रिसोडची एखादी मुलगी उद्या सेवा केंद्रात, बँकेत, शेतकरी उत्पादक कंपनीत कामाला लागेल, तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्यापुढे तक्ताच येणार आहे.

आपल्या राहण्या-जेवणाची व्यवस्था आमच्या कार्यकर्त्यांनी आपुलकीने केली आहे; काही उणे वाटले तर हक्काने सांगा. माझी विनंती एवढीच, की दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक गटाने एक प्रश्न, त्याच्या दोन वेगवेगळ्या डेटा फाइल आणि पायरीवार गुणांचा तक्ता तयार करून संध्याकाळपर्यंत आमच्याकडे द्यावा. येत्या सराव परीक्षेत वाशीम जिल्ह्यात ते वापरू आणि आलेला अनुभव विभागीय मंडळाला लेखी कळवू.