क्ष-किरण विभागाची संगणकप्रणाली : खरेदीपूर्वीची परीक्षा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन परंपरेने आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार मानले आहेत. धर्मादाय संस्थांची रोगनिदान केंद्रे ही औषधदानाचीच आधुनिक शाखा होय. विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही आणि १९०१ च्या नोबेल पारितोषिकाची रक्कमही वुर्झबर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. ज्या शास्त्राच्या उगमापाशीच असा अपरिग्रह आहे, त्याच्या विभागासाठी दात्यांच्या पैशातून होणारी प्रत्येक खरेदी डोळसपणे व्हावयास हवी.

सी. टी. स्कॅनचे यंत्र घेताना विश्वस्त चार ठिकाणी चौकशी करतात. संगणकप्रणाली मात्र पुष्कळदा विक्रेत्याच्या तासाभराच्या प्रात्यक्षिकावरच पसंत केली जाते. त्या प्रात्यक्षिकात रुग्ण मोजके असतात, नावे अचूक लिहिलेली असतात आणि वीज कधी जात नाही. खऱ्या केंद्रातील सोमवारची सकाळ अशी नसते.

प्रथम घ्यावयाची वस्तू कोणती, हे स्पष्ट असावे. रेडिऑलॉजी इन्फर्मेशन सिस्टीम म्हणजेच 'रिस' ही विभागाची वही होय : रुग्णाची नोंद, तपासणीची वेळ, पावती, अहवाल आणि त्याचे वितरण. प्रतिमा साठवून त्या पडद्यावर दाखविणारी प्रणाली वेगळी. तिला 'पॅक्स' म्हणतात. काही विक्रेते दोन्ही एकत्र देतात, काही एकच. हा भेद खरेदीपूर्वी लक्षात आला नाही, तर करारानंतर दुसऱ्या खर्चाचे दार उघडते.

सर्वांत मोठा प्रश्न रुग्णाच्या ओळखीचा आहे. एकाच नावाच्या दोन वृद्धा एकाच दिवशी येणे ही ग्रामीण भागात नवलाची गोष्ट नाही. शिवाय एकच मराठी नाव इंग्रजी लिपीत तीन प्रकारे लिहिले जाते. नाव खिडकीवर एकदा आणि यंत्रापाशी दुसऱ्यांदा लिहावे लागले, की एकीची प्रतिमा दुसरीच्या नावावर जाण्याची वाट मोकळी होते. यावर 'मोडॅलिटी वर्कलिस्ट' हा उपाय आहे. खिडकीवरील नोंद आपोआप यंत्राच्या पडद्यावर येते आणि तंत्रज्ञ फक्त नावाची निवड करतो. १९९३ पासून 'डायकॉम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक मानकात ही सोय आहे. आपली प्रणाली डायकॉमचा कोणता भाग पाळते, याचे लेखी निवेदन विक्रेत्याकडून घ्यावे. केंद्रातील जुन्या यंत्रात ही सोय सुरू आहे काय, तेही पाहावे. काही वेळा ती सुरू करण्यासाठी यंत्राच्या कंपनीस निराळे शुल्क द्यावे लागते.

परीक्षेची रीत सोपी आहे. केंद्राच्या नोंदवहीतील गर्दीचा एक दिवस निवडावा, रुग्णांची खरी नावे बदलावीत आणि तो संपूर्ण दिवस नव्या प्रणालीवर चालवून पाहावा. काम संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी करावे. विक्रेत्याने केवळ पाहावे. एकाच नावाचे दोन रुग्ण, नाव न सांगू शकणारा अपघातग्रस्त, रद्द झालेली तपासणी, मध्येच खंडित झालेले इंटरनेट, हे सारे त्यात असावे. स्वाक्षरीनंतर अहवालात दुरुस्ती करून पाहावी. जुना अहवाल तसाच जपला गेला पाहिजे आणि कोणी, केव्हा बदल केला हे दिसले पाहिजे.

येथे अनेकान्ताची दृष्टी उपयोगी पडते. हत्ती आणि आंधळ्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. डॉक्टरांना अहवालाचा वेग दिसतो, हिशेबनिसाला पावती, तंत्रज्ञाला यादी, तर खिडकीवरील मुलीला समोरची रांग. या चौघांचे मत स्वतंत्रपणे लिहून घेतल्यावाचून निर्णय करू नये.

सोनोग्राफी विभागात तर अहिंसेचाच प्रश्न आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ' नमुना परिपूर्ण भरणे आणि मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठविणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नोंदींतील त्रुटींविषयीच्या कठोर तरतुदी कायम ठेवल्या. रकाना रिकामा असताना प्रणाली पुढे जाऊ देते काय, हे स्वतः पडताळावे.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. ही सवलत हिशेबात वेगळी दिसली पाहिजे. मात्र रुग्णाच्या अहवालावर तिची खूण नसावी. गुप्तदानाची मर्यादा संगणकानेही पाळावी. रुग्णाची माहिती कोणाला दिसते, हेही तपासावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत.

किमतीचा हिशेब पाच वर्षांचा मांडावा : परवाना, सर्व्हर, वार्षिक देखभाल, प्रशिक्षण, जुन्या नोंदींचे स्थलांतर आणि प्रत्येक तपासणीमागे आकारले जाणारे शुल्क. स्वस्त पडते म्हणून विनापरवाना प्रत वापरणे अचौर्यव्रताशी विसंगत आहे, हे सांगणे न लगे. आणि विक्रेत्याला शेवटी विचारावयाचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा : उद्या करार संपला, तर नोंदी परत कशा मिळतील? प्रतिमा डायकॉम स्वरूपात, अहवाल कोणत्याही संगणकावर वाचता येतील असे, किती दिवसांत आणि किती मोबदल्यात, हे करारात लिहून घ्यावे. अन्यथा रुग्णांच्या नोंदी विक्रेत्याच्या कुलपात राहतात आणि दरवर्षी वाढणारे शुल्क निमूटपणे भरावे लागते.

खेड्यातून पहाटेच्या एस. टी. ने आलेली वृद्धा संध्याकाळी हातात लिफाफा घेऊन परतते. त्यातील अहवाल तिचाच असावा, एवढीच तिची अपेक्षा असते. दात्याने दिलेला रुपया तेथवर पोहोचला की नाही, हे खरेदीच्या दिवशी नव्हे, तर त्या लिफाफ्यात ठरते. विश्वस्त या शब्दातील विश्वास तो हाच.

जय जिनेंद्र.