‘सारखा’ म्हणजे ‘तोच’ नव्हे



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी उमेदीची दोन वर्षे या शाळेत काढली. पुढचे आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकविण्यात गेले. तेव्हा आज मी एखाद्या थोर ग्रंथावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र एका लहानशा शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘सारखा’. त्याच्यापायी माझ्या हातून एक चूक घडली होती. ती याच वास्तूत कबूल करावी, असाही हेतू आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. संस्कृतातील ‘सदृक्ष’, प्राकृतातील ‘सारिक्ख’, जुन्या मराठीतील ‘सारिखा’ आणि आजचा ‘सारखा’ अशी ही वाट आहे. हिंदीतील ‘सरीखा’ आणि गुजरातीतील ‘सरखुं’ ही त्याची भावंडे. ‘सदृक्ष’ या शब्दात ‘दृश्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. म्हणजे मुळात ‘सारखा’ याचा अर्थ समान दिसणारा. मराठीने मात्र त्याला डोळ्यांपुरते ठेवले नाही. ‘दोघांना सारखा वाटा’ म्हणताना तो समान होतो, ‘सारखा पाऊस’ म्हणताना अखंड, ‘अंथरूण सारखे कर’ म्हणताना नीटनेटका आणि ‘पाहण्यासारखे गाव’ म्हणताना योग्य. ‘झोपल्यासारखे केले’ म्हटले की तोच शब्द सोंग उघडे पाडतो.

शालेय व्याकरणात त्याला योग्यतावाचक शब्दयोगी अव्ययांत बसवितात. पण अव्यय म्हणजे जे बदलत नाही ते. आणि हा तर ‘आईसारखा मुलगा’, ‘आईसारखी मुलगी’ असा लिंगवचनाप्रमाणे बदलतो. अव्ययांच्या पंगतीत बसूनही तो पुरता अव्यय नाही. जणू आपला अर्थ तो स्वतःच्या वागण्यातून सांगतो.

तो अर्थ असा की, सारखेपणा सांगायला दोन वस्तू लागतात आणि त्या दोनच राहाव्या लागतात. न्यायशास्त्रातील उपमान प्रमाणाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. गवय हा प्राणी गाईसारखा असतो, एवढे ऐकून माणूस रानात जातो आणि त्या साम्यावरून गवय ओळखतो. पण ओळखतो तो गवयच. ‘ही गाय’ असे तो म्हणत नाही.

आता माझी चूक सांगतो. १९७४ च्या सुमाराची गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी ‘माझी आई’ हा निबंध घातला होता. एका मुलीने लिहिले होते, ‘आजीने मला आईगत सांभाळले.’ मी तांबड्या शाईने ‘आईगत’ खोडले आणि वर ‘आईसारखे’ लिहिले. वही घेताना ती म्हणाली, “गुरुजी, पर आजी आईसारखी दिसत न्हाई की.” वर्ग हसला. मीही हसलो आणि तिला जागेवर जाण्यास सांगितले. तिची आई कधीच निवर्तली होती, हे मला नंतर समजले.

व्याकरणाच्या दृष्टीने माझे ‘आईसारखे’ चुकीचे नव्हते. पण ‘सारखा’मधील पाहणे त्या मुलीच्या कानाला जाणवले होते. आपल्या चिकोडी-निपाणीच्या बोलीतील ‘गत’ म्हणजे स्थिती, दशा. ‘त्याची काय गत झाली’ असे आपण म्हणतोच. आजी आईशी मिळतीजुळती दिसत नव्हती; ती आईच्या जागी उभी राहिली होती. एवढा अर्थ त्या शब्दात होता आणि तो मी खोडला होता. गुरुजींनी ती वही पाहिली. माझी दुरुस्ती त्यांनी तशीच ठेवली आणि खोडलेल्या शब्दाशेजारी शिसपेन्सिलीने लिहिले, ‘हेही बरोबर.’ मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. पुढे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश चाळताना बोलींतील शब्दांनाही तेथे मानाने जागा दिलेली दिसे, तेव्हा ती पेन्सिलीची अक्षरे आठवत.

येथल्या पुष्कळ घरांतून मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात. आपण म्हणतो, ‘खाण तशी माती.’ कन्नड शेजारीण म्हणते, ‘तायियंते मगळु, नूलिनंते सीरे’. आईसारखी लेक, सुतासारखे लुगडे. आशय जवळचा आहे. पण एकीने तो मातीत पाहिला, दुसरीने मागावर. त्यातला ‘अंते’ सारखेपणा दाखवितो. पण ‘बंदनंते’ म्हटले की त्याच रूपाचा ‘अंते’ ‘आला म्हणे’ अशी ऐकीव वार्ता सांगतो. आपल्या ‘सारखा’ला ते साधत नाही, आणि ‘सारखा पाऊस’ हे ‘अंते’ला साधत नाही.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हापासून या भागात भाषेचा वाद ऐकू येतो. कोणी साम्ये दाखवून एकीला दुसरीची लेक ठरवितो. कोणी भेद दाखवून दुसरीला परकी म्हणतो. दोघांनीही ‘सारखा’ हा शब्द नीट ऐकलेला नसतो. साम्य मान्य केल्याने आपले वेगळेपण जात नाही, आणि वेगळेपण जपण्यासाठी साम्य नाकारावे लागत नाही.

शिक्षकमित्रांना शेवटची एक विनंती. ‘सारखे असणे’ आणि ‘सारखे करणे’ यांत अंतर आहे. अंथरूण सारखे करावे; मुलांची भाषा सारखी करायला जाल, तर तिच्यातली एखादी आजी खोडली जाईल. प्रमाण मराठी अवश्य शिकवा, परीक्षेला ती हवीच. पण घरचा शब्द खोडण्याआधी तो काय सांगतो, ते मुलाला विचारा. मी विचारले नव्हते.

आपण ऐकल्यासारखे केले नाहीत, मनापासून ऐकलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.