आधी काशा वेचा

यकृत प्रत्यारोपण म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती आणि यकृत देणार कोण. प्रश्न रास्तच आहेत. पण हाती असलेली चार-पाच मिनिटं मी जंतुसंसर्गाला देणार आहे. नवं यकृत उत्तम बसूनही रुग्ण हातचा जातो, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं.

हा धोका ऑपरेशनच्या आधीच सुरू होतो. सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत चाललेल्या, रुग्णाला संसर्ग झाला की मृत्यूचा धोका सुमारे चौपट होतो. पोटात पाणी झालेलं असतं, आतड्यातले जंतू त्यात उतरतात. ताप येईलच असं नाही. माणूस नुसता झोपून राहतो, असंबद्ध बोलतो, लघवी कमी होते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, पडू द्या. नका हो पडू देऊ! त्याच दिवशी बारीक सुईने पोटातलं थोडं पाणी काढून तपासायला हवं, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो. एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या, की कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. मेडिकलमधून आणलेल्या दोन-चार गोळ्यांनी तो जंतू मरत नाही, कल्चरमध्ये मात्र सापडेनासा होतो.

शेतकरी बंधूंना हे लगेच पटेल. हरळी माजलेल्या रानात कुणी कलम लावत नाही. आधी नांगरट करायची, काशा वेचायच्या. प्रत्यारोपणात तर आणखी एक पेच आहे. शरीराच्या खुरप्याला, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला, तण कुठलं आणि नवं रोप कुठलं हे कळत नाही, ते दोन्ही कापायला जातं. म्हणून टॅक्रोलिमससारख्या औषधांनी आम्ही ते बोथट करतो. मग राहिलेली एखादी काशीही फोफावते. टीबीचं तसंच आहे. वर्षानुवर्षं दडून बसलेला टीबी अशा वेळी डोकं वर काढतो. त्यावरचं रिफाम्पिसिन द्यावं, तर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कोसळते आणि यकृत नाकारलं जाण्याची भीती. म्हणून टीबीची तपासणी आधी. दातांची आधी. हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया, फ्लू यांच्या लसी आधी. 'ऑपरेशन होऊ दे, मग बघू' हे चालणार नाही. जिवंत जंतूंच्या लसी तर नंतर सहसा देताच येत नाहीत.

ऑपरेशननंतर पहिला महिना जखमेतल्या, पित्तनलिकेतल्या आणि रुग्णालयातल्या जंतूंचा. पुढे साधारण सहाव्या महिन्यापर्यंत सायटोमेगॅलोव्हायरस, बुरशी, टीबी. त्यानंतरही शेणखत उपसणं, कबुतरांची विष्ठा झाडणं, न तापवलेलं दूध... यावर सविस्तर बोलायला हवं होतं, पण वेळ संपत आलाय आणि पहिला मुद्दा पुन्हा सांगितल्याशिवाय मला थांबायचं नाही.

प्रतीक्षायादीत नाव लागून अवयव चालून आला आणि त्याच वेळी रक्तात जंतू सापडले, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. ते यकृत दुसऱ्या रुग्णाला जातं. तेव्हा घरात सिरोसिसचा रुग्ण असेल आणि तो आज नेहमीपेक्षा सुस्त वाटत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आजच रुग्णालयात न्या आणि पोटातलं पाणी तपासणार का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.